पहिल्या आठवड्यात टाइम विचारू नका

परदेशातल्या सराव शिबिराला निघालेल्या धावपटूला आपण थाटात निरोप देतो. गावात फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो, विमानतळावरचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तिकडून जो फोन येतो, त्याची मात्र कुठे वाच्यता होत नाही. ‘सर, पाय उचलत नाहीत. रात्री झोप लागत नाही. इथल्या शाळकरी पोरीसुद्धा मला सहज मागे टाकून जातात. माझं काहीतरी बिघडलंय.’

असा फोन बहुतेक वेळा उंचावरच्या गावातून येतो, कारण लांब पल्ल्याच्या धावपटूंची परदेशी शिबिरे बहुधा उंचावरच भरतात. केनियातले इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटरवर आहे, तर अमेरिकेतले कोलोरॅडो स्प्रिंग्ज १८०० मीटरच्या वर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे इटेनला पोहोचलेली पोरगी पहाटे बुटाची लेस बांधते, तीच मुळी कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसातशे मीटर वर बसून.

या फोनला काय उत्तर मिळते, यावर त्या शिबिराचे पुढचे तीन आठवडे आणि कधी कधी पुढचा सगळा हंगाम अवलंबून असतो. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. पहिल्या आठवड्यात धावपटूला कोणीही टाइम विचारू नये. प्रशिक्षकाने नाही, पालकांनी नाही, पैसे देणाऱ्या संस्थेने नाही आणि तिने स्वतःच्या घड्याळालाही नाही. त्या सात दिवसांच्या धावण्यावरून तिच्या कुवतीबद्दल काही ठरवूही नये. हा लाड नाही, त्यामागे साधे शरीरशास्त्र आहे.

उंचावरच्या हवेत ऑक्सिजन कमी असतो, असे आपण म्हणतो. खरे तर प्रमाण तेच असते, जवळपास २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. इटेनला हा दाब समुद्रकाठच्या साधारण तीन चतुर्थांश भरतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही त्याच हिशेबाने घटतो. बसल्या जागी याचा फारसा त्रास होत नाही. पण धावताना शरीर ऑक्सिजनचा शेवटचा थेंबही वापरू पाहते, तेव्हा ही तूट अंगावर येते. ढोबळ हिशेब असा, की दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सहा-सात टक्क्यांनी घटते. कसलेल्या धावपटूंना ही घट त्याहूनही कमी उंचीवर जाणवू लागते. पुण्यात ज्या वेगाने गप्पा मारत पळता येते, त्याच वेगाला इटेनमध्ये धाप लागते ती यामुळे.

पहिले एक-दोन दिवस अनेकांना बरे जातात. नवी जागा असते, उत्साह असतो. त्रास सुरू होतो तो नंतर. उंचावर पोहोचल्यावर काही तासांतच श्वास जलद आणि खोल होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त थोडे अल्कलीकडे झुकते. तो तोल सावरायला मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकू लागतात. या कामाला काही दिवस लागतात आणि त्या काळात लघवी जास्त होते. हवा कोरडी असल्याने श्वासावाटेही पाणी जाते. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, घटतो. मग हृदयाला एका ठोक्यात पूर्वीइतके रक्त पुढे ढकलता येत नाही. ती कसर ठोके वाढवून भरून काढावी लागते, म्हणून सकाळी उठल्याउठल्या मोजलेली नाडीसुद्धा नेहमीपेक्षा वर असते. रात्री झोपेत श्वास मंदावतो, क्षणभर थांबतो, मग एकदम दचकून जाग येते. भूकही मंदावते.

त्यात प्रवासाचा शीण. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, ते दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडते. कोलोरॅडोचे मात्र ऋतूप्रमाणे साडेअकरा किंवा साडेबारा तास मागे. शरीराचे आतले घड्याळ दिवसाला साधारण एक तास या गतीने सरकते. म्हणजे तिथे पहिल्या आठवड्यात उंची आणि उलटी दिवसरात्र अशा दोन्ही गोष्टींशी एकाच वेळी झुंज द्यावी लागते. अशा अवस्थेत ‘पाय उचलत नाहीत’ असे वाटले, तर त्यात बिघडलेले काही नाही.

याच दिवसांत आत एक चांगले कामही सुरू झालेले असते. ऑक्सिजनची तूट ओळखून मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक जास्त सोडतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याची पातळी चढते, मग हळूहळू उतरते. ‘लाल पेशी वाढवा’ असा निरोप हाडांमधल्या मज्जेला पोहोचतो. पण पेशी तयार होणे, त्या रक्तात येणे आणि धावण्यात त्यांचा फरक दिसणे, याला वेळ लागतो. शरीरातले एकूण हिमोग्लोबिन उंचावर राहिल्याने साधारण १०० तासांना एक टक्का वाढते, असा अंदाज अभ्यासांवरून बांधला जातो. आठवड्याचे तास १६८. म्हणजे पहिल्या आठवड्याअखेर कमाई फार तर पावणेदोन टक्के आणि झीज मात्र पुरेपूर. या हिशेबावर टाइम विचारणे म्हणजे पेरणीनंतर आठव्या दिवशी शेतात जाऊन कणसे शोधणे.

इथे एका फसव्या आकड्याबद्दल सांगायला हवे. काही ठिकाणी चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त तपासतात आणि हिमोग्लोबिन वाढलेले दिसते. सगळे खूश होतात. प्रत्यक्षात एवढ्यात नव्या पेशी आलेल्याच नसतात. प्लाझ्मा कमी झाल्याने रक्त दाट झालेले असते, इतकेच. आमटी आटवली की मीठ जास्त लागते, पण म्हणून मीठ वाढलेले नसते. या अहवालाच्या भरवशावर कोणी सरावाचा जोर वाढवला, तर थकलेल्या, पाणी कमी पडलेल्या शरीरावर आणखी ओझे पडते.

उंचीपुढे कोणाचीच प्रतिष्ठा चालत नाही, याचा धडा जगाला १९६८ साली मिळाला. ऑलिम्पिक मेक्सिको सिटीत, २२४० मीटरवर झाले. ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क तेव्हा १०,००० मीटरचे विश्वविक्रमवीर होते. १९६५मध्ये ओस्लोला त्यांनी २७ मिनिटे ३९.४ सेकंदांची वेळ दिली होती. मेक्सिकोत ते सहावे आले आणि शर्यत संपताच कोसळले. त्यांना ऑक्सिजन द्यावा लागला. ती शर्यत केनियाच्या नफ्ताली टेमू यांनी जिंकली, तीही २९ मिनिटे २७.४ सेकंदांत, म्हणजे क्लार्क यांच्या विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक संथ. विजेतासुद्धा तिथे संथच धावला होता.

पुढे उंचीचा सरावासाठी उपयोग कसा करावा, यावर बराच अभ्यास झाला. अमेरिकेत बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गुंडरसन यांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही आधार मानला जातो. धावपटूंनी राहायचे २५०० मीटरवर आणि सरावाला उतरायचे १२५० मीटरवर, असा त्यांचा आराखडा होता. खाली आल्यावर या गटाची ५००० मीटरची वेळ सुधारली. त्या आराखड्यातला एक तपशील आपल्याकडे हमखास विसरला जातो. हा प्रयोग चार आठवड्यांचा होता. शिवाय सगळ्यांना सारखा फायदा होत नाही, हेही पुढच्या अभ्यासांतून दिसले. काहींचे रक्त उंचीला चांगला प्रतिसाद देते, काहींचे फारसे देत नाही. पण कोण कोणत्या गटातले, हे पहिल्या आठवड्यात कळण्याची सोय नाही.

गंमत अशी की, ज्यांच्याकडे शिकायला जायचे त्या इटेनच्या धावपटूंना संथ धावण्याचे वावडे नाही. स्वाहिलीत ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू. सकाळची धाव सुरू होते तेव्हा जगज्जेतेही इतके सावकाश निघतात की पाहुण्याला वाटते, आपण सहज यांच्याबरोबर जाऊ. पुढे लाल मातीच्या चढावर वेग कधी वाढला ते कळतही नाही आणि पाहुणा मागे राहतो. गुरुवारी तिथे मोठा घोळका फार्टलेकला, म्हणजे आळीपाळीने जोरात आणि हळू धावायला निघतो. आपला धावपटू पोहोचल्यावर तिसऱ्याच दिवशी त्या घोळक्यात घुसतो, कारण फोटो काढायचा असतो. पुढचे चार दिवस तो खोलीत पडून असतो. तिथली मुले त्या उंचीवर जन्मली, शाळेत चालत-पळत गेली. त्यांच्याशी पहिल्या आठवड्यात बरोबरी करणे ही जिद्द नव्हे, हिशेबातली चूक आहे.

ही चूक धावपटू एकट्याने करत नाही, आपण सगळे तिच्याकडून ती करवून घेतो. पोरगी शेतकऱ्याची, शिक्षकाची, पोलीस शिपायाची असते. तिकिटासाठी कोणी कर्ज काढलेले असते, कोणी वर्गणी दिलेली असते. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘टाइम किती आला?’ आई मात्र विचारते, ‘जेवलीस का? झोप लागली का? अंग दुखतंय का?’ घरातले बाकीचे हसतात, ‘हिला धावण्यातलं काय कळतं?’ पण पहिल्या आठवड्यापुरते बोलायचे, तर वैद्यकीयदृष्ट्या योग्य प्रश्न आईचेच आहेत. जेवण, झोप, सकाळची नाडी, वजन आणि लघवीचा रंग, एवढ्याच गोष्टींवरून त्या दिवसांत शरीराचे खरे काय चालले आहे ते कळते.

जेवणाचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. लाल पेशी बनवायला लोह लागते. शरीरात लोहाचा साठा नसेल, तर उंचीने दिलेला निरोप वाया जातो. मजूर आले, पण विटाच नाहीत, अशी गत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, तर महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सगळाच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही, पण लोह हे त्यातले मोठे कारण आहे. धावणाऱ्या मुलींमध्ये मासिक पाळी, घाम आणि सततचा सराव यांमुळे साठा आणखी खाली जातो. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिनची तपासणी लागते. ती निघायच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही. निदान सहा-आठ आठवडे आधी झाली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साठा भरून काढता येतो. गोळ्या मनाने सुरू करू नयेत, कारण जास्तीचे लोहही अपाय करते. आणि जेवणाबरोबर चहा घेण्याची सवय केनियातही सोडावी. चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते. तिथे दुधा-साखरेचा चहा दिवसभर मिळतो, तो जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा.

भूक मंदावलेली असताना ताटात उगाली येते, मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. भाकरी-भाजीवर वाढलेल्या पोरीला हे जेवण परके वाटायचे कारण नाही, पण पहिल्या आठवड्यात घास उतरत नाही हे खरे. त्यातच ‘वजन उतरले तर बरेच’ असे कोणीतरी म्हणते. सराव वाढवायचा आणि खाणे घटवायचे, यातून हाडे कमकुवत होतात, पाळी थांबते, आजार बळावतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याविरुद्ध सावध केले आहे. पाळी बंद होणे ही चांगल्या सरावाची खूण आहे, असे अजूनही काही मैदानांवर मुलींना सांगितले जाते. ती धोक्याची खूण आहे.

आणखी एक सवय आपल्या मातीतली. अशक्तपणा वाटला की ‘एक सलाइन लावून घे’. राष्ट्रीय पातळीच्या धावपटूला हे फार महागात पडू शकते. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार बारा तासांत एकूण १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेण्यास बंदी आहे. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीसाठी लागले तरच सूट मिळते. त्या बाटलीत नुसते मीठ-पाणी असले तरी नियम मोडतो. शिरेतून द्यायच्या लोहालाही हाच नियम लागू. शरीर स्वतः बनवते तेच एरिथ्रोपोएटिन सुईने देण्याचा आडमार्गही याच घाईतून फुटतो. पहिल्या आठवड्यात ‘तू मागे पडलीस’ असे ऐकलेल्या धावपटूसमोर कोणीतरी हा आडमार्ग ठेवला, तर तिची कारकीर्दच पणाला लागते.

यावर आक्षेप येईल, की पैसा सरकारचा किंवा लोकांचा असतो, मग हिशेब मागायचा नाही का? मागायचाच. पण हिशेब योग्य वेळी आणि योग्य गोष्टीचा मागावा. पहिल्या आठवड्यात झोपेचे तास, सकाळची नाडी आणि वजन यांची नोंद रोज पाठवायला सांगा. दुसऱ्या आठवड्यापासून सरावाचा जोर हळूहळू वाढतो की नाही ते पाहा. टाइम विचारा तो खाली उतरल्यावर, शर्यतीत. दुसरा आक्षेप असा, की एवढे सोसता येत नसेल तर खेळाडू कसली? सोसण्यालाही मर्यादा असते. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला, तर थांबायचे आणि डॉक्टरकडे जायचे. ताप किंवा जुलाब असताना सराव नाही, हेही आधीच ठरवून टाकावे.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला सरावाला होता. त्या वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियात त्याने ५००० मीटर १३ मिनिटे २५.६५ सेकंदांत पार करून बहादूर प्रसाद यांचा १९९२चा राष्ट्रीय विक्रम मोडला. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांसह रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते पाच शतांश सेकंदांनी. याचे सगळे श्रेय उंचीला देणे वेडेपणाचे ठरेल, त्यामागे वर्षांची मेहनत आहे. पण त्याची परीक्षा झाली ती मैदानावर, शर्यतीत, हे ध्यानात घ्यावे.

आता हौशी धावपटूंसाठी दोन शब्द, कारण मुंबई-पुण्यातले अनेक जण हल्ली इटेनला आठ-दहा दिवसांच्या सहलीला जातात. जरूर जा. त्या गावाची शिस्त, पहाटेची गर्दी, साधे राहणे पाहण्यासारखे आहे. मात्र त्या दहा दिवसांत रक्त बदलून येईल, ही अपेक्षा ठेवू नका. लेहच्या मॅरेथॉनला जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. तिथली उंची साडेतीन हजार मीटर. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि शर्यतीआधी पुरेसे दिवस हातात ठेवणे, हा तिथे जिवाचा प्रश्न असतो. केनियाला जाताना पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यायची असते, हेही लक्षात असू द्या. प्रमाणपत्र नसेल तर परतताना विमानतळावरच अडवून ठेवतात.

संघटना, क्लब आणि पालक यांच्याकडे मागणे फार नाही. फेरिटिनची तपासणी वेळेत करा. पहिल्या आठवड्याच्या वेळापत्रकात फक्त हळू धावणे, चालणे आणि झोप लिहा, आणि ते लिहिलेले पाळा. विशेषतः मुलींबरोबर एखादी जाणती बाई पाठवा. परतीचे तिकीट चौथ्या आठवड्याच्या आधीचे काढू नका. तेवढे पैसे नसतील, तर आठवडाभराच्या परदेशवारीत ते घालवण्यापेक्षा उटीला महिनाभर राहा. तिची उंचीही २२४० मीटर, अगदी मेक्सिको सिटीएवढी, आणि तिथे जायला पासपोर्टही लागत नाही.